राखण

पेजर वाजला तेव्हा मी मेंढीचा फरा तोडत होतो.
सुरा तसाच ठेवला, एप्रन अंगावरच.
आमच्या गावचं अग्निशमन दल म्हणजे
मी खाटीक, दोघे सुतार, शाळेची बस चालवणारी डिंफ्ना,
आणि एवाल्दो, ब्राझीलहून आलेला,
दिवसा मशरूमच्या अंधाऱ्या शेडमध्ये राबणारा.

दलदलीच्या कडेला पीट जाळून वीज करणारं केंद्र होतं.
त्याची धुराडी पाडली त्या दिवशी
बापाने टोपी काढून छातीशी धरली होती.
तिथे आता पांढरे कंटेनर. चौसष्ट.
कुंपणाआड, ओळीने, तोंडं मिटून.
वारा उतू गेला की त्यांच्या पोटात भरतात,
वारा पडला की काढून वाढतात.
त्यात वाईट काय?
माझ्या दुकानाचा फ्रीज त्यावरच गुरगुरतो.

चर्चच्या सभागृहात इंजिनियर बाईंनी आलेख दाखवला होता.
शक्यता अत्यल्प, म्हणाल्या.
खोटं नव्हत्या बोलत.
मागच्या बाकावरून अट्रॅक्टा डोलन उठली, ब्याऐंशीची:
"आम्ही रात्री निखारे राखेखाली झाकतो.
सकाळी फुंकर घातली की जागे.
तुमच्या विस्तवाला झोपवायचं कसं, तेवढं सांगा."
लोक हसले.
बाई हसल्या नाहीत. वहीत काहीतरी टिपून घेतलं.

सतरा नंबरच्या फटीतून पांढरं काहीतरी सांडत होतं.
धुकं म्हणावं, तर इथलं धुकं मातीतून उठतं,
त्याला ओल्या मुळांचा वास असतो.
ह्याला गोडसर वास होता.
"मास्क," डिंफ्ना ओरडली, "वाऱ्याकडे पाठ करा, मागे, आणखी मागे,"
आणि एवाल्दोला कॉलर धरून ओढलं तिने,
बसमधल्या पोराला ओढावं तसं.
मग दार उडालं.
तो उभा होता तिथल्या खडीत रुतलं.

रेडिओवर आदेश: विझवू नका.
शेजारच्यांवर पाणी मारा. त्याला जळू द्या.

एकोणीस वर्षं मी आगीत शिरत आलो.
आता नळी हातात, पाण्याला जोर,
आणि आग समोर, आणि मी तिच्या शेजाऱ्यांना भिजवतोय.
घरात माणूस जात असतो,
आपण अंगणात त्याच्या पोरांना धरून ठेवतो,
तसं.

गावात खिडक्या बंद, दारांच्या फटीत ओले टॉवेल.
कौंटीचा माणूस हातात यंत्र घेऊन गल्लीगल्लीत फिरला,
आकडे बघून मान हलवत राहिला,
होकार की नकार, कुणाला कळेना.
गायींना कोण सांगणार आत जा म्हणून?
गिल्हूलीच्या तीस गायी कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या.
सुतारांनी नाल्यावर वाळूच्या गोण्या रचल्या:
आमचं पाणी नदीत उतरायला नको.
आम्हीच ओतायचं, आम्हीच अडवायचं.

सत्तावीस तासांनी ज्वाळा बसली.
चौथ्या दिवशी पुन्हा उठली, कुणी बोलावलं नसताना.

म्हणून आता पाळ्या लावल्यात.
आजची सहावी रात्र, माझी.
अट्रॅक्टाने दोरीपाशी चहाचा थर्मास आणून ठेवला,
सतरा नंबरकडे बघितलं. "राख नाही, नुसतीच राखण," एवढं म्हणाली,
आणि काठी टेकत गेली.

गाडीत बसून उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून बघतोय.
कंटेनर काळाठिक्कर.
खालच्या कोपऱ्यात पिवळा एक दाणा,
मोहरीएवढा.
वाढत नाही. जात नाही.
पलीकडे टेकडीवर पवनचक्क्या फिरतायत,
वारा चांगला आहे आज, त्रेसष्ट जणांचं पोट भरत असेल.

डिंफ्ना सहाला येईल पाळी बदलायला.
तोवर गाडीचं दारही मी सावकाश लावतो,
तान्हं निजलेल्या खोलीचं लावावं तसं.